पाटावरचं गाव

पांघरुणं घेतलीत ना? मग ऐका. आज राजा नाही नि राणीही नाही. आज आहे एक कोळीण, आनशी तिचं नाव.

समुद्राकाठच्या वाडीत आनशी आणि तिचा नवरा धाकलू राहायचे. धाकलू होडी घेऊन मासे धरायला जायचा, आनशी ते बाजारात विकायची. पण तिचा खरा जीव होता पाटावर. गौरी येणार म्हटलं की ती एका जुन्या पाटावर चिमुकलं गाव मांडायची. माणूस केवढा? बोटाच्या पेराएवढा. मग त्याच मापानं घर, त्याच मापानं माड, आणि विहिरीवरची घागर तर बाजरीच्या दाण्याएवढी. काथ्याची जाळी, करवंटीचे डोंगर, आणि समुद्र कशाचा, तर खळीत नीळ घालून केलेला. लांबलांबून बायका बघायला यायच्या आणि तोंडात बोट घालायच्या, बरं का.

मग एकदा काय झालं, धाकलू होडी घेऊन गेला तो आलाच नाही. वादळ झालं होतं. बाकीच्यांच्या होड्या आल्या, त्याची नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, पुढचे मोजायचे आनशीनं सोडून दिले. लोक म्हणाले, "गेला तो." ती म्हणाली, "गेला कसा? मला न सांगता?"

एके दिवशी पहाटे ती किनाऱ्यावर आली, तर एक कासवी वाळूत अंडी घालत होती आणि कुत्री टपून बसली होती. आनशीनं काठी घेतली, कुत्र्यांना हाकललं आणि उजाडेपर्यंत राखण केली. मग कासवी बोलली. कासव बोलतं का? गोष्टीतलं बोलतं. तुम्ही मध्ये बोलू नका.

"बाई, तुला काय हवं?"

"माझा धाकलू."

"दर्यात माणसं पुष्कळ. त्यातला तुझा कोणता, हे दर्याला कसं कळावं? तुझ्या हातात कसब आहे. जसाच्या तसा घडव आणि भरतीत सोड. घडवशील ते दर्या देईल. पण तीनदाच. पुढे तो ऐकत नाही."

आनशी धावत घरी आली. म्हणाली, होडी आली की माणूस आलाच. मग तिनं होडी केली. शिंपल्याची, पांढरीशुभ्र. कडेला सोनेरी बेगड, शिडाला लग्नातला रेशमी खण. भरतीत सोडली, तर दुसऱ्या दिवशी खरीखुरी होडी किनाऱ्याला! चकाकत होती नुसती. पण आत कोणी नाही. अगं, धाकलूची होडी काळी, डांबर फासलेली, मासळीचा वास मारणारी. ही कुठली त्याची?

मग तिनं माणूसच केला. बाभळीच्या काट्यानं सरळ नाक कोरलं, पाठ ताठ ठेवली, मिशा झुबकेदार केल्या. भरतीत सोडला, आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी दारात एक देखणा पुरुष! हात जोडून म्हणतो कसा, "आपण बऱ्या आहात ना?" आनशी दचकलीच. पाय धुऊन घरात आला. जेवला, तर ताट स्वतः उचललं. शेजारणी म्हणाल्या, "आनशे, ठेवून घे गो! असा शोधून मिळायचा नाय."

पण आनशी चुलीपाशी बसून रडली. माणूस चांगला होता, तिचा नव्हता. मग तिनं त्याला ती चकचकीत होडी दिली, भाकरी बांधून दिली आणि निरोप दिला. पुढे दुसऱ्या बंदरावर त्याचं लग्न झालं म्हणतात. बायको सुखात आहे, तुम्ही काळजी करू नका.

आनशीला आपली चूक कळली. गौरीपुढे मांडायची सवय ना! बघणाऱ्यांनी वाहवा करावी म्हणून सगळं नवं, सगळं साजरं करायचं. धाकलू कुठं तसा होता? मग होता कसा? आठवायला बसली तर, बाई गं, नीट आठवेचना! वाकडं बोट उजव्या पायाचं की डाव्या? आता हुकलं तर धाकलू कायमचा गेला.

मग तिनं डोळे मिटले आणि माती हातात घेतली. हातांना सगळं ठाऊक होतं. किती वेळा तेल चोळलं होतं त्या पायांना! डाव्याच पायाचं बोट वाकडं. वल्हं मारून उतरलेला खांदा. सुपासारखे कान. अर्धा तुटलेला पुढचा दात तिनं सुईच्या टोकानं केला. होडीला डांबर फासलं, शिडाला ठिगळं लावली, तळाला मासळीचं तेल चोळलं.

मग तिला वाटलं, एकटा येणार कुठं हा? घर दिसायला नको त्याला? म्हणून तिनं पाटावर सगळं गाव मांडलं, आणि किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून स्वतःला उभं केलं. इतकी वर्षं गाव मांडत होती, पण स्वतःला कधी मांडलं नव्हतं. आधी काळे केस लावले. पाहिलं, काढले, आणि सावरीचा पांढरा कापूस लावला.

"आहे ती अशी आहे," म्हणाली आणि अख्खा पाट भरतीत सोडून दिला.

भरती आली नि गेली. काही नाही. पुन्हा आली नि गेली. काही नाही. आनशी जागची हलली नाही. मग उन्हं कलली, आणि लांबवर एक काळी होडी दिसली, ठिगळांच्या शिडाची. तिच्यातून एक म्हातारा उतरला आणि लंगडत लंगडत वाळूतून आला. आनशीला हसूही आलं आणि रडूही आलं.

"मेल्या, होतास कुठं इतकी वर्षं?"

"फिरत होतो गो," धाकलू म्हणाला. "किनारे पुष्कळ दिसले. पण कुठल्याच किनाऱ्यावर तू नव्हतीस. आज लांबून एक बाई दिसली. केस पांढरे, पण कमरेवर हात ठेवून अशी रागानं उभी. म्हटलं, हेच आपलं घर."

मग काय! दोघं घरी गेली, पोटभर कालवण-भात जेवली आणि सुखानं राहिली. रोज भांडलीसुद्धा, पण ते सुखातच धरायचं. चला, वळा कुशीवर. डोळे मिटा बघू, दिवा मी मालवते.