गवंड्याचा पक्का बांध

फार जुनी गोष्ट. एका गावात एक म्हातारा गवंडी राहत होता. हातात कसब मोठं, तोंड मात्र कारल्यासारखं कडू. बायको गेली होती, लेकी सासरी होत्या. आपण शेवटचं कधी हसलो, हे त्यालाही आठवत नव्हतं.

त्याच्या घरामागच्या ओढ्यावर गावातली पोरं रोज चिखलाचा बांध घालत. पाणी तुंबलं की बांध फुटे आणि पोरं खदाखदा हसत. तेवढा वेळ म्हाताऱ्याला घर भरल्यासारखं वाटे. पण पोरं गेली की तो चडफडे. "रोज बांधायचं, रोज वाहून जायचं. याला काय काम म्हणतात? यांचं हसूही असंच एक दिवस वाहून जाईल, माझं गेलं तसं."

मग हे हसू टिकवायचंच, असं त्याने मनावर घेतलं. आता अशा माणसाला कोण समजावणार? त्याने दगड घडवले. चुन्यात गूळ नि बेलफळाचा गर घालून तो आठ दिवस घोटला. पोरांना काठावर बसवलं आणि ओढ्यात पक्का बांध घातला. "कशाला हात लावू नका," एवढंच काय ते तो त्यांच्याशी बोलला.

पाणी तुंबलं, ते तुंबूनच राहिलं. पोरं दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी कोणी फिरकलं नाही.

म्हातारा वैतागला. वाटेत कुंभाराची धाकटी पोर दिसली, तिला त्याने अडवलं. "एवढा जन्माचा बांध घालून दिला, आणि तुमचा पत्ता नाही?"

"आजोबा, तो फुटतच नाही," पोर म्हणाली. "मग आम्ही करायचं काय?"

म्हातारा घरी आला. मागचं दार उघडून त्याने कानोसा घेतला. ओढ्यावर सगळं सामसूम होतं. शेवटी त्याने पहार उचलली.

दोन दिवस घाव घातले, पण टवकासुद्धा उडेना. "कोणत्या गाढवाने घोटलाय हा चुना?" तो करवादला. गाढव कोण, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी एक दगड हलला. पाणी उसळलं, बांध गेला, पागोटं गेलं, आणि म्हातारा चिखलात फतकल मारून बसला. बसल्या बसल्या त्याला हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. आवाज ऐकून पोरं धावत आली.

"आजोबा, उद्या परत फोडायचा?" कुंभाराच्या पोरीने विचारलं.

"आधी बांधायला नको का? जा, चिखल आणा. आणि मला काठावर बसवू नका."

तेव्हा लक्षात ठेवा: आनंद वयाने आटत नाही, तो कायमचा करायला गेलं की आटतो.