कडू साबुकंद

"सगुणाची बकरी मेली ती याच कंदाने ना, माई?"

उमाकांतने कंदांची टोपली मठाच्या पायरीशी ठेवली.

"याच्याच साली खाल्ल्या तिने," सुभद्रामाई म्हणाल्या. "कच्च्या."

दरड कोसळून घाट बंद झाला होता. वाडीतली माणसं मठात येऊन राहिली होती. तांदूळ संपले. उरले होते थोडे कुळीथ, आणि मठामागे कुणा मळेवाल्याने कधीकाळी लावलेला कडू साबुकंद.

उमाकांत हा माईंचा सर्वांत विद्वान शिष्य. आदल्या संध्याकाळीच त्याने घाबरलेल्या लोकांना बजावलं होतं, ज्ञानी माणसाला मरणाचं भय नसतं. सकाळी त्याने बकरीला पाय झाडताना पाहिलं.

"हे सगळं नदीत फेकून देतो, माई."

"आणि पोरांना काय देतोस?"

टोपलीला लावलेला हात त्याने मागे घेतला.

"साबुदाणा याच झाडाच्या कंदाचा होतो. उपासाला खातोस ना?"

"पण ती बकरी..."

"बकरीला सोलता येत नाही. धुता येत नाही. तुला येतं."

माईंनी त्याच्या हाती सुरी दिली. साल जाड काढून खोल पुरायची. चकत्या पिंपात भिजत घालायच्या, पाणी बदलत राहायचं. बोटाने दाबली की चकती फुटली पाहिजे. मगच उकळायची, भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता. ते पाणीही पोटात जाता कामा नये.

"किती दिवस लागतील?"

"मऊ पडेपर्यंत."

"राखणीला वाडीतल्या दत्तारामला बसवा, माई. तो धीट आहे."

"धीट माणूस आजच उकळून खाईल. तू बस."

दुसऱ्या दिवशी सगुणा आली. कडेवरच्या पोराची मान तिच्या खांद्यावर लोळत होती.

"भाऊ, दोन चकत्या द्या. माझी मी उकळते."

"अजून कडक आहेत, ताई."

"तुमचं पोर असतं तर?"

पोर रडत नव्हतं, याचीच उमाकांतला जास्त भीती वाटली. त्याने पिंपाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि डोळे मिटले.

"माई... याला विषाने मारू की भुकेने?"

माईंनी कुळथाचं कढण आणलं आणि पोराला चमच्याने भरवलं.

चौथ्या दिवशी चकत्या मऊ पडल्या. उकळल्या. वरचं पाणी ओतून टाकून पुन्हा उकळल्या. माईंनी त्यातली एक उचलली, तसा उमाकांतने त्यांचा हात धरला.

"मी खातो."

"तुला भीती वाटते."

"वाटते."

"मग खा."

त्याने खाल्ली. कडू लागली नाही.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. दत्तारामसुद्धा जवळ आला नाही. उमाकांतच्या पोटात कळ उठली. कंदाची की भीतीची, त्याला कळेना. त्याने मनात आईला हाक मारली. कुठलाही श्लोक आठवला नाही.

उन्हं उतरली. कळ गेली.

माई तरी सकाळपर्यंत थांबल्या. सकाळी त्याची नाडी पाहिली आणि मग पोरांना थोडं थोडं वाढायला सांगितलं, प्रत्येकाच्या पानात कुळीथ घालून. "नुसत्या कंदाने पोट भरतं, अंग भरत नाही," त्या म्हणाल्या. सगुणाचं पोर जेवलं, आणि आणखी हवं म्हणून मोठ्याने रडलं. सगुणाही रडली.

मोठ्यांसाठी दुसरं पातेलं चुलीवर चढलं. उमाकांत ढवळत होता. पळी कडेवर खडखडत होती.

"माई, पोरं जेवली. मी जिवंत आहे. तरी हात कापतातच. ही भीती जाणार कधी?"

पातेल्याला उकळी फुटली होती. माई वाफेत वाकून बघत राहिल्या...

"भीती राहू दे," त्या म्हणाल्या. "पाणी ओतून टाक."