वांग्यावरची दुसरी माशी

"दोन? ... नक्की दोन म्हणालीस?"

प्रभुणे सर खुर्चीत पुढे सरकले. चाळीस वर्षं कीटकशास्त्र शिकवलेले सर आता चौऱ्याऐंशीचे झाले होते.

"दोन, सर," यामिनी म्हणाली. आवाजातला तोरा तिला लपवता आला नाही. "वांग्यावरची पांढरी माशी आपण एकच समजत होतो. तुम्ही जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला. दोन वेगळ्या जाती निघाल्या. एक औषधाने मरते. दुसरी मरत नाही."

तिने नमुन्यांची पेटी उघडली. स्पिरिटचा वास आला, आणि ते दिवस आठवले... सरांची सायकल, मागे ती, बांधावर सोडलेली शिदोरी. पानाखाली भिंग कसं धरायचं, ते सरांनी हात धरून शिकवलं होतं.

सरांनी एक बाटली उचलली. चिठ्ठीवर अक्षर यामिनीचंच होतं, कॉलेजातलं, गोल गोल.

"खडकवस्ती. सुभान मुलाणींचं शेत," सरांनी वाचलं. "ही कुठली निघाली?"

"दुसरी."

सरांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"तीनदा फवारलं होतं त्याने," ते म्हणाले. "म्हणत होता, साहेब, ही माशी येगळी हाय. मी चारचौघांत म्हणालो, माशी तीच आहे सुभान, तू औषधात पाणी जास्त घातलंस."

यामिनीला तो बांध लख्ख आठवला. सगळे हसले होते. तीही हसली होती. सुभानकाका मात्र खाली मान घालून पान उलटंसुलटं करत राहिले होते...

तिचा तोरा उतरला.

"सर, तेव्हा हे तंत्र नव्हतं. भिंगाखाली दोन्ही हुबेहूब दिसतात. कुणालाच कळलं नसतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ते भिंतीचा आधार घेत उठले आणि पायांनी चपला चाचपू लागले.

"गाडी आणली आहेस ना?"

"हो. पण कुठे जायचंय?"

"खडकवस्तीला. सुभान आहे अजून. माझ्याहून थोडा लहान."

यामिनीने घाईघाईने कागद गोळा केले. "बरं झालं, अहवाल जवळच आहे. आपण त्यांना सगळं नीट समजावून सांगू."

"तो राहू दे इथेच."

"मग सांगायचं काय, सर?"

"सांगायचं नाही गं. विचारायचं... त्याला कसं कळलं होतं?"