ताड की बाभूळ

फार पूर्वी पक्षीही विद्येसाठी परगावी जात, तेव्हाची ही गोष्ट. केशऱ्या नावाच्या तरुण सुगरण पक्ष्याला गाठी मारता येऊ लागल्या होत्या. आता वादळात टिकणारं घरटं विणायला शिकायचं होतं. तळ्याकाठच्या ताडावरच्या गुरूंचं नाव दूरवर गाजलेलं, पण तिथे गवत आपलं आपण न्यायचं. विहिरीवरच्या बाभळीचं नाव कुणी घेत नसे. तिथले म्हातारे गुरुजी मात्र केशऱ्याला गवतही देणार होते आणि दाणाही.

ऐन उन्हाळा होता, रानात गवत उरलं नव्हतं. “तू ताडावरच जा,” आई म्हणाली आणि आपल्याच घरट्याचे धागे उसवू लागली.

“अगं, मग तू राहशील कुठे?”

“माझं काय, बसेन फांदीवर. ‘ताडावरचा’ म्हणतील तुला!”

केशऱ्याने तिच्या चोचीतला धागा घेतला, होता तिथे परत विणला आणि तो बाभळीकडे गेला.

पहिल्या वादळात त्याचं नवं घरटं खूप हेलकावलं, पण तुटलं नाही. आई बघायला आली. “ताडाची आठवण येते का रे?”

“येते ना. वारा पडला की तिथली किलबिल इथवर ऐकू येते,” तो म्हणाला. “मग मी तुझ्या घरट्याकडे बघत बसतो.”