एकही तक्रार नसलेली बाग

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं घडीभर थांबून त्यांचं ऐकायचीसुद्धा.

डोंगराच्या पायथ्याशी एक छोटी नगरी होती. नगरी छोटी, पण बागांची हौस मोठी. प्रत्येक पेठेला एक बाग आणि प्रत्येक बागेला एक कारभारी. राणीसरकारांना रोज सगळ्या बागा फिरून बघणं काही जमायचं नाही. म्हणून त्यांनी एक सोपी रीत घालून दिली होती. बागेच्या दाराशी एक मडकं ठेवायचं. ज्याची तक्रार असेल त्यानं ती कारभाऱ्याला सांगायची आणि मडक्यात एक खडा टाकायचा. तक्रार मिटली की कारभाऱ्यानं खडा काढून घ्यायचा. दिवाळी जवळ आली की राणीसरकार मडकी बघायच्या. ज्याचं मडकं रिकामं, त्याला सगळ्यांसमोर शाल मिळायची.

कुंभारपेठेच्या बागेत एक मोठी चिंच होती. चिंचेला झोका होता, खाली मऊ वाळू होती. एक दगडी घसरगुंडी होती. घोटाभर पाण्याचा एक हौद होता, त्यात पोरं पानांच्या होड्या सोडायची. संध्याकाळी बागेत इतका कालवा असायचा की दाराशी उभं राहून हाक मारली तर आपलीच हाक आपल्याला ऐकू यायची नाही.

त्याच पेठेत एक आई राहायची. वयानं लहान, पण काळजीनं म्हातारी. तिला तानी नावाची एकच लेक. तानी पळाली की आई मागोमाग, तानी चढली की आईचा हात तोंडावर. तानी खोकली तरी ही चुलीवरचं तसंच टाकून धावायची.

तिची सासू म्हणायची, "अगं, पोरीला कापसात गुंडाळ आणि फडताळात ठेव. सणासुदीला काढून बघत जा."

सून गप्प बसायची. पण काळजी काही गप्प बसायची नाही.

एके दिवशी तिनं झोक्याची दोरी निरखून बघितली. वरच्या फांदीपाशी दोरी झिजली होती, तिचे धागे सुटले होते. तिच्या डोळ्यांपुढं नको नको ते आलं. ती तडक कारभाऱ्याकडे गेली.

"कारभारीदादा, झोक्याची दोरी झिजलीय हो. एखादं लेकरू पडेल."

तिचं म्हणणं खरंच होतं, बरं का. दोरी झिजली होतीच.

कारभारी माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. त्यानं मनात हिशोब मांडला. नवी दोरी आणायची, शिडी लावून बांधायची, ओढून बघायची. चार महिन्यांनी ती पण झिजणार, म्हणजे पुन्हा शिडी. त्यापेक्षा झोकाच काढला तर? मग दोरी कधीच झिजणार नाही.

त्यानं झोका उतरवला, फळी आणि दोरी गाढवाच्या पाठीवर लादली आणि गाढवाला म्हणाला, "लांब कुठंतरी टाकून ये."

गाढव म्हणालं, "लांब म्हणजे कुठं?"

"मला दिसणार नाही तिथं."

आईनं झोका गेलेला बघितला. तानी रडली, तिला एक गुळाचा खडा दिला की झालं. त्या रात्री आईला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

मग काय, सगळ्यांना ही वाट सापडली. कुणाच्या मुलाचा सदरा घसरगुंडीच्या कडेला फाटला. कड घासून गुळगुळीत करता आली असती. पण घसरगुंडीच उखडली. हौदात शेवाळ झालं, पाय घसरायला लागला. हौद घासता आला असता, पण घासला की महिन्यानं परत शेवाळ. म्हणून तो मातीनं बुजवला. ही तक्रारही तानीच्या आईचीच. चिंचेवरून मुंगळे पडतात, असं कुणी म्हणालं आणि चिंचेच्या फांद्या छाटल्या. सावली गेली, सावलीबरोबर गवत गेलं. वाळूत मांजरं येतात, म्हणून वाळूसुद्धा गेली.

दर वेळी गाढव ओझं घेऊन निघायचं. दर वेळी कारभारी मडक्यातून एक खडा काढून घ्यायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

शेवटी बागेत उरलं काय, तर सपाट जमीन, एक बोडकी चिंच आणि दाराशी रिकामं मडकं.

"बघा वहिनी," कारभारी तानीच्या आईला म्हणाला, "आता डोळे मिटून पोरीला पाठवा. पडायला इथं काही ठेवलंच नाही."

आई खरंच खूश झाली. पूर्वी ती तानीच्या मागं मागं बागेत जायची. आता कशाला जायचं? "आई, बागेत जाते गं," असं तानी म्हणायची आणि आई पीठ मळता मळता मान हलवायची. तानी दिवेलागणीला परत यायची, पाय पांढऱ्या धुळीनं माखलेले, गाल लाल, आणि भूक अशी की भाकरी तव्यावरून उतरायची वाट बघायची नाही. आईला वाटायचं, खेळतेय पोर, छान आहे.

दिवाळी तोंडावर आली. दुसऱ्या दिवशी राणीसरकार स्वतः कुंभारपेठेच्या बागेत येणार, अशी दवंडी पिटली गेली. त्या दुपारी आईनं पहिले लाडू वळले आणि म्हणाली, गरम आहे तोवर लेकीला एक देऊन येऊ.

ती बागेत आली. बागेत कुणीच नव्हतं. एक पोर नाही, एक आवाज नाही. बोडक्या चिंचेखाली गाढव तेवढं उभं होतं.

आईच्या हातातला लाडू तिच्या मुठीतच चुरला. "पोरं कुठं गेली रे?"

गाढव म्हणालं, "कधीची विचारतेस? आजची का गेल्या चार महिन्यांची?"

"चेष्टा करू नको रे बाबा! माझी तानी कुठंय?"

"मी सामान टाकलं तिथं," गाढव म्हणालं. "मला म्हणाले लांब टाक. लांब म्हणजे जुनी दगडाची खाण. पहिल्या दिवशी मी झोका घेऊन निघालो, तर पोरं माझ्या मागं रांगेनं आली. मला वाटलं, मला पोचवायला आलीत. ती झोक्याला पोचवायला आली होती."

आई पळत सुटली. पदर सुटला, चप्पल वाटेत राहिली. गावाबाहेर चढ चढून ती खाणीपाशी आली आणि तिथंच थिजली.

खाणीच्या अगदी काठावर एक वठलेलं झाड होतं. पोरांनी त्याला झोका टांगला होता. तीच फळी होती आणि तीच झिजलेली दोरी, तिला पोरांनीच गाठी मारल्या होत्या. झोका मागं आला की जमिनीवर आणि पुढं गेला की खाणीवर. बागेत खाली वाळू होती. इथं खाली खडक होता, तोसुद्धा वीस माणसं एकावर एक उभी राहतील इतका खोल.

झोक्यावर तानी होती. बाकीची पोरं आपल्या बारीची वाट बघत उभी होती. केस उडत होते. ती हसत होती.

आईच्या गळ्यात किंकाळी आली. पण तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आपण ओरडलो तर पोर दचकेल. दचकली तर हात सुटेल. जन्मभर जी बाई साध्या पावलाला "अगं जपून" म्हणून ओरडली, ती त्या घडीला गप्प उभी राहिली. मग तोंडातला पदर काढून, जेवढं येईल तेवढं हसू तोंडावर आणून म्हणाली,

"तानी, किती वेळ गं एकटीच? मला नाही का बसायला देणार?"

"आई! तू बसणार?" तानीला आनंदच झाला. "थांब हं, थोडेच झोके राहिलेत."

आई थांबली. प्रत्येक झोका खाणीवर जायचा तेव्हा तिचा जीव बरोबर जायचा आणि परत यायचा. हळूहळू झोका मंदावला. तानीनं पाय टेकले आणि उतरली. आईनं तिला असं धरलं की पोर म्हणाली, "आई, दुखतंय."

मग आईनं दोरीवर हातानं नुसता भार दिला. दोरी तटकन तुटली. फळी काठावरून खाली गेली. आवाज वर यायला इतका वेळ लागला की सगळी पोरं एकमेकांकडे बघत राहिली. पुढची बारी शेजारच्या बाळूची होती.

आई तानीला म्हणाली, "मला सांगितलं का नाहीस गं?"

तानी म्हणाली, "सांगितलं असतं तर तू हे पण काढायला लावलं असतंस."

आईनं तिचा हात धरला आणि सगळ्या पोरांना पुढं घालून ती गावाकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी राणीसरकार आल्या. बागेच्या दाराला तोरण होतं. कारभारी नवी पगडी घालून उभा होता. राणीसरकारांनी मडक्यात डोकावून बघितलं आणि कौतुकानं मान हलवली. शाल पुढं झाली. इतक्यात गर्दीतून तानीची आई आली आणि तिनं मडक्यात खडा टाकला. टण्णकन आवाज झाला.

कारभाऱ्याचं तोंड उतरलं. "वहिनी! आज? अहो, आता काय राहिलंय इथं तक्रार करायला?"

"तेच," आई म्हणाली. "काहीच राहिलं नाही, ही माझी तक्रार आहे. बाग रिकामी आहे."

कारभारी गोंधळला. सवयीनं त्यानं गाढवाकडे बघितलं. गाढव म्हणालं, "माझ्याकडे बघू नका. रिकामी जागा माझ्या पाठीवर बसत नाही."

लोक हसले. पण आईनं खाणीवरचं सगळं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. बायांनी आपापली पोरं जवळ ओढली. कितीतरी जणींना तर आपलं पोर रोज तिथं जातं हे तेव्हाच कळलं.

राणीसरकारांनी शाल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "चूक माझ्यापासून सुरू झाली. मडकं रिकामं दिसलं की मी समजायची, बाग भरलेली आहे. बाग बघायला आलेच नाही."

कारभारी खाली मान घालून म्हणाला, "सरकार, मी सगळं परत आणतो. पण एक खरं सांगू का? माणूस मी एकटा. दोरी मी बघू, हौद मी घासू, का मुंगळे मी हाकलू? परत कुणीतरी येणार, तक्रार सांगणार आणि घरी जाणार."

"घरी जाणारी मीच होते, दादा," आई म्हणाली. "मी दोरी बघितली, पण हात लावला नाही. तुम्ही हात लावलात, तो काढून टाकायला. आता शिडी तुम्ही धरा, दोरी मी ओढून बघते. माझ्याइतकी बारकाईनं कोण बघणार? मला तर सगळ्याचीच भीती वाटते."

तिची सासू मागून म्हणाली, "हे मात्र खरं हो सरकार. हिच्या नजरेतून कुसळ सुटत नाही. घरात मला छळण्यापेक्षा दोरीला छळू दे."

राणीसरकार हसल्या. त्यांनी तिथल्या तिथं रीत बदलली. तक्रार सांगणाऱ्यानं दुरुस्तीला एक हात द्यायचा. वस्तू नीट होऊन पोरं तिच्याशी खेळायला लागली, की खडा त्यानंच काढून घ्यायचा, कारभाऱ्यानं नाही. शाल मडकं बघून मिळणार नाही. दिवेलागणीला ज्या बागेतून पोरांना ओढून घरी न्यावं लागतं, त्या बागेला मिळेल. आणि शेवटचं, झोक्यावर रोज पहिल्यांदा कारभारी बसेल.

"मी?" कारभारी आपल्या पोटाकडे बघत म्हणाला.

"तुम्हीच. तुम्हाला पेलला तर लेकरांना पेलेल."

त्या दिवशी शाल कुणालाच मिळाली नाही. ती घडी मोडून गाढवाच्या पाठीवर टाकली, कारण त्याला खाणीपर्यंत बऱ्याच खेपा करायच्या होत्या आणि पाठीला दगड टोचतात.

दिवाळी उलटली तशी चिंचेच्या उरलेल्या जाड फांदीला नव्या दोरीचा झोका लागला, खाली वाळू पसरली, घसरगुंडी आली, कड घासून आली. हौद उकरला. दर आठवड्याला एक आळी मिळून तो घासायची, घासताना गाणी म्हणायची. छाटलेल्या चिंचेला पालवी फुटली. सावली यायला मात्र वर्षं लागणार होती. काढून टाकायला एक सकाळ पुरली होती. सकाळी कारभारी झोक्यावर बसायचा, झोका कुरकुरायचा आणि कुंपणाबाहेर उभी पोरं ओरडायची, "दादा, अजून जोरात!" पहिले काही दिवस त्याला लाज वाटली. नंतर तो सांगितल्यापेक्षा जास्त वेळ बसायला लागला.

एकदा तानी झोक्यावरून पडलीच. वाळूत पडली, गुडघा सोलवटला, भोकाड पसरलं. आई धावली. काळजी वाटलीच, ती कुणाच्या आईला चुकलीय? तिनं गुडघा फुंकला, हळद लावली आणि मग तानीला तिथंच सोडून आधी दोरी बघितली. दोरी घट्ट होती.

"जाऊ?" तानीनं डोळे पुसत विचारलं.

आईनं दोरी सोडली आणि म्हणाली, "जा."

खाणीकडची पायवाट पुढच्या पावसाळ्यात गवतानं बुजून गेली, कारण तिच्यावरून जायला पोरांना वेळच उरला नाही.

म्हणून सांगते, ज्याची भीती वाटते ते लांब फेकू नये, जवळ ठेवून रोज हात लावून बघावं.