शंका विचारणाऱ्यांची यादी

माझी नणंद विशाखा शिक्षिका व्हावी म्हणून मी सोळा सोमवार केले होते. महादेवाने मागितल्याहून जास्त दिलं. आज ती नोकरीतल्या शिक्षकांनाच प्रशिक्षण देते.

परवा तिचा डबा घेऊन प्रशिक्षणाच्या वर्गात गेले, तेव्हा निवृत्तीला आलेल्या गवाणकर बाई विचारत होत्या, "भागाकारात अपूर्णांक उलटा का करायचा? तीस वर्षं मी मुलांना नुसतं 'करा' म्हणतेय."

तपासणीला आलेले साहेब दारातूनच कडाडले, "तीस वर्षं शिकवून एवढं येत नाही? मॅडम, इथे कोण कोण शंका विचारतं? यादी द्या. सेवापुस्तकात शेराच मारतो."

गवाणकर बाईंचा चेहरा उतरला.

विशाखाने कागदावर एक नाव लिहून साहेबांपुढे धरलं. ते साहेबांचंच होतं.

"आल्यापासून तुम्हीच दोन प्रश्न विचारलेत, साहेब. बाकीची नावं खाली लिहू ना?"

माझे हात आपसूक जुळले. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला, मागच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "सांगा, उलटा का करतात?"

बायांनो, तुम्हीही एवढं व्रत धराच. अडलं की विचारा, आणि विचारणाऱ्याला हसू नका.