पहिलं पाणी गिरजेला

पाहुणे, जरा बेतानं. पाटाच्या शेवटी, जिथून पुढे नुसता मुरूम आहे, तिथला तो बिनशेंदराचा दगड दिसतोय ना? त्यावर पाय ठेवू नका. देव नाही तो. पण गिरजा तिथे बसलीय, असं आमच्याकडे सांगतात.

बंधारा जुना, पाटही जुना. चाळीस घरांची शेतं त्यावर भिजायची. पाणी सोडायचं काम भिकन पाटकऱ्याकडे. माणूस सरळ, गावाचा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास. त्याचं शेत पाटाच्या तोंडाशी, आणि लेक गिरजा दिलेली गावातच, पण पाटाच्या पार शेपटाला.

एका वैशाखात नदीनं दगा दिला. बंधाऱ्यात एका पाळीपुरतं पाणी उरलं. वरची शेतं दोनदा भिजलेली, खालची बाजरी कणसात येऊन करपू लागली. गिरजा बापाच्या दारात आली. "आबा, एवढं एक पाणी द्या. नाहीतर यंदा आमच्या घरात दाणा येत नाही." भिकनला भरून आलं. "उद्या सूर्य डोक्यावर यायच्या आत पाणी तुझ्या पायाला लावतो. बापाचा शब्द आहे." "मग लागेपर्यंत मी पाटातून उठायची नाही," ती हसून म्हणाली म्हणे.

सकाळी त्यानं पाणी सोडलं. सोडलं हो, त्याबद्दल त्याला बोल नाही! पण पाणी त्याच्याच शेताशी आलं, तशी बायको हौसा म्हणाली, "अहो, मिरचीचा एक वाफा तेवढा. एका वाफ्यानं काय होतंय?" भिकननं फावड्यानं पाट फोडला, वाफा भरला, लगेच बुजवलाही. पण शेजाऱ्यानं पाहिलं. पाटकऱ्यानं घेतलं, मग आम्हीच काय घोडं मारलंय? त्यानंही एकच वाफा भरला. त्याचं बघून पुढच्यानं. चोर कुणीच नव्हता, पाहुणे. प्रत्येकाचा आपला एकच वाफा.

भिकन निर्धास्त होऊन बंधाऱ्यावर बसला. दुसऱ्या दिवशी बंधारा आटला, तेव्हा तो पाटानं खाली निघाला. अर्ध्या वाटेतच ओल संपली. तसा तो धावत शेवटाला पोचला, तर गिरजा पाटात बसलेली, पाय पुढे केलेले. घरच्यांनी हाताला धरून ओढलं होतं, पण "आबांनी शब्द दिलाय," एवढंच ती म्हणत राहिली.

"गिरजे, ऊठ," भिकन म्हणाला. ती उठली नाही. उन्हानं तिला केव्हाच नेलं होतं.

त्यानं फावडं तिथेच पुरलं, वर हा दगड ठेवला. स्वतःचं शेत गायरानात सोडलं आणि गावाला शपथ घातली, की ज्याचं शेत पाटावर, त्यानं पाटकरी व्हायचं नाही, आणि पहिलं पाणी शेवटाला लागेपर्यंत पाटाला हात लावायचा नाही. पुढे तो कुणाच्या दृष्टीस पडला नाही म्हणतात.

आजही आमचा पाटकरी बिनशेताचाच असतो. पहिलं पाणी सुटलं, की तो पाण्याच्या तोंडाबरोबर अनवाणी चालत येतो. चाळीसही घरची माणसं आपापल्या बांधावर हात पाठीमागे बांधून उभी राहतात. कुणी ओंजळसुद्धा भरत नाही. पाणी दगडाला लागलं, की पाटकरी म्हणतो, "गिरजे, ऊठ. पाणी आलं."

मग तो घटकाभर वाट पाहतो. ती उठत नाही. त्यानंतरच गाव हात सोडतं.